सत्ताविसाव्या मुद्द्यापुढची फुली

४ फेब्रुवारी

वहिनी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते आहे. नऊ वेळा केला. दहाव्या वेळी दादाने उचलला आणि म्हणाला, "ती गच्चीवर कपडे वाळत घालतेय." सूर्य मावळल्यावर कपडे वाळत घालायची तुझी पद्धत कधीपासूनची, हे मी त्याला विचारलं नाही.

तर आधी निकालाचं. निकाल माझ्या हातात नसतो, हे तुला माहीत असायला हवं. माझ्याकडे बेचाळीस मुद्द्यांची यादी असते. उमेदवार आपलं रोजचं काम आपल्या रोजच्या टेबलावर करतो, मी शेजारी उभी राहून बघते आणि प्रत्येक मुद्द्यापुढे खूण करते. दिसलं तर बरोबरची, दिसलं नाही तर फुली. ज्या बाईने एकोणीस वर्षं ऑपरेशनची अवजारं धुतली, तपासली, ट्रेमध्ये मांडून बांधली आणि वाफेच्या यंत्रात लावली, तिला वर्गात बसवून पेपर लिहायला लावणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. म्हणून तर ही काम करता करता द्यायची परीक्षा निघाली. तुझ्यासारख्यांसाठीच ती आहे, असं मीच तुला सांगितलं होतं आणि तुझा अर्जही मीच भरला होता.

बेचाळीसपैकी एक्केचाळीस गोष्टी दिसल्या. बिजागरीची सगळी अवजारं तू उघडी ठेवलीस, म्हणजे वाफ सांध्यात शिरते. कात्र्यांनी कापून बघितलंस. यादी मोठ्याने वाचत एकूण एक नग मोजलास. मग ट्रे दोन कापडांत बांधलास, टेप लावलीस, टेपवर तारीख आणि सही. फक्त सत्ताविसावा मुद्दा राहिला: 'ट्रे बांधण्यापूर्वी आत कागदी स्ट्रिप ठेवली.' वाफ आतपर्यंत पोचली की जी स्ट्रिप काळी पडते, ती. ती ठेवताना मला दिसली नाही. त्या मुद्द्याला चांदणी आहे, आणि चांदणीचा एक मुद्दा गेला की अख्खी परीक्षा जाते. चांदणी काही मी छापलेली नाही.

जे दिसलं ते लिहिलं. माझ्या जागी तू असतीस तर तूही तेच केलं असतंस.

तीन महिन्यांनी पुन्हा बसता येतं. तोवर तुला चादरींच्या खोलीत पाठवलंय असं तुमच्या मोठ्या सिस्टरांकडून कळलं. तात्पुरतंच असणार ते. एकोणीस वर्षं उभ्याने काम केलंस, आता थोडं बसून घड्या घाल. विश्रांती समज.

तुझी,
चिमटी

११ फेब्रुवारी

वहिनी,

मागच्या पत्रातलं विश्रांतीचं वाक्य मागे घेते. पत्र टाकल्यावर तासाभरातच वाटलं की पेटीत हात घालून ते काढावं.

काल दादाचा फोन आला. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. तर तो म्हणाला, "तुझी वहिनी परीक्षेत नापास झाली गं. हात सटकला म्हणे. तू त्यातली जाणती ना? दोन-चार दिवस ये आणि तिला जरा शिकव."

मी तुला शिकवू? मग तोच पुढे म्हणाला, "परीक्षेला कोणीतरी कडक बाई आली होती म्हणते. काही विचारलं की चादरी किती छान असतात ते सांगत बसते. आधी जेवताना कुठल्या डॉक्टरने कुठला चिमटा वाकवला त्याच्या गोष्टी असायच्या. आता ताट पुढे ओढते आणि गप."

"असतात अशा बाया," मी म्हणाले.

तू त्याला सांगितलंच नाहीस की ती बाई मी होते. तू सांगितलं असतंस, दादा माझ्यावर ओरडला असता, मीही दोन शब्द उलटे बोलले असते, तर बरं झालं असतं. भांडणात निदान आपली बाजू मांडता येते. इथे मला कोणी बोलतच नाही आणि मी एकटीच उत्तरं देत बसले आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

म्हणून एक गोष्ट सांगते. काम संपल्यावर परीक्षकाला प्रश्न विचारायला पाच मिनिटं असतात. जे डोळ्यांना दिसलं नाही ते विचारून घ्यायचं, उत्तर बरोबर असेल तर मुद्दा धरायचा, असा नियमच आहे. मी तुला तीन प्रश्न विचारले. धुण्याच्या पाण्याचं, ओल्या निघालेल्या ट्रेचं आणि बिजागऱ्या उघड्या का ठेवतात त्याचं. तिन्ही तू मलाच शिकवलेले. "स्ट्रिप कुठे आहे?" एवढं विचारायला तीन शब्द लागले असते. तू टेप काढून, कापड उघडून दाखवली असतीस आणि ट्रे पुन्हा बांधला असतास. पाच मिनिटांतली दोन मिनिटं शिल्लक होती, मी घड्याळ बघितलं होतं.

का विचारलं नाही? माझ्या मागे ते चष्मेवाले गृहस्थ बसले होते म्हणून. तुला वाटलं असेल कोणी साहेब पाहणीला आलाय. तसं नाही. परीक्षक व्हायलाही हीच परीक्षा असते. मी तुझं काम बघत होते आणि ते माझं बघणं बघत होते. तीन उमेदवार त्यांच्यासमोर तपासायचे, मग परीक्षकाचं प्रमाणपत्र. आधीच्या दोघी दुसऱ्या हॉस्पिटलातल्या होत्या, तिसरी तू. आधीच्या दोघींना मी एकही फुली दिली नव्हती, कारण देण्यासारखी सापडली नव्हती. त्या दिवशी सकाळी तुमच्या कॅन्टीनमध्ये चहा पिताना चष्मेवाले म्हणाले, "दोन उमेदवार, चौऱ्याऐंशी मुद्दे, चौऱ्याऐंशी बरोबर. बाई, तुम्ही बघता, की नुसती सही करता?"

हसून म्हणाले. मीही हसले. पण यादी घेऊन तुझ्या टेबलाशी आले तेव्हाही डोक्यात तेच वाक्य होतं.

चिमटी

२० फेब्रुवारी

वहिनी,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नाही. पण दोन पत्रांत मी निम्मंच सांगितलं आहे आणि निम्मं सांगितल्यामुळे उलट जास्त खोटं झालं आहे, म्हणून आज सगळं सांगून टाकते.

पहिली गोष्ट. फॉर्मच्या वर एक प्रश्न असतो, 'उमेदवार परीक्षकाच्या नात्यातील आहे काय?' मी 'नाही' लिहिलं. उमेदवाराला खाली सही करावी लागते. तू चष्मा वर ढकलून तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलास, माझ्याकडे एकदा बघितलंस आणि सही केलीस. माझी आई गेल्यावर जिने मला वेण्या घालून शाळेत पाठवलं तिच्याकडून मी नातं नाही म्हणून सही घेतली. तुला वाटलं असेल, पोरगी माझ्यासाठीच करतेय, कोणी परका खडूस येण्यापेक्षा घरचं माणूस बरं. मीही मनाला तेच सांगत होते. खरं कारण असं की जानेवारी संपायच्या आत मला तिसरा उमेदवार हवा होता, आणि तू हमखास पास होणारी होतीस. ताकाला जाऊन भांडं लपवत होते.

दुसरी गोष्ट. स्ट्रिप ठेवताना मला दिसली नाही, हे खरं. तेव्हा मी मान खाली घालून आधीचे मुद्दे भरत होते. पण ती आत आहे हे मला माहीत होतं. यादीत स्ट्रिप शेवटी आहे, ट्रे भरून झाल्यावर. तू ती सगळ्यात आधी ठेवतेस. रिकाम्या ट्रेच्या तळाला, एकही अवजार पडायच्या आधी. "आधी स्ट्रिप, मग संसार," असं म्हणायचीस. कोणी विचारलं की असं उलटं का, तर म्हणायचीस, "सवय."

ती सवय कुठून आली हे जगात आपल्या दोघींनाच ठाऊक आहे.

सोळा वर्षांपूर्वी तू मला तुमच्या अवजारांच्या खोलीत कामाला चिकटवलंस त्याला चार महिने झाले होते. मी बांधलेला ट्रे ऑपरेशनच्या टेबलापाशी उघडला आणि आत स्ट्रिप नव्हती. पेशंटला भूल दिलेली. दुसरा ट्रे येईपर्यंत वीस मिनिटं सगळे हात वर करून उभे. खाली येऊन डॉक्टरांनी विचारलं, हा कोणी बांधला? टेपवर माझी सही होती. मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "बांधला मी. ती नुसती सही करायला शिकत होती." तुला लेखी ताकीद मिळाली. त्या वर्षी तू खोलीची मुख्य होणार होतीस, ते गेलं आणि पुन्हा कधी आलं नाही. मी मात्र स्वच्छ कागद घेऊन दुसऱ्या हॉस्पिटलात गेले आणि तिथे मुख्य झाले. त्या दिवसापासून तू स्ट्रिप आधी ठेवतेस. माझ्या चुकीची सवय तुझ्या हाताला लागली.

आणि मी पेन घेऊन सत्ताविसाव्या मुद्द्यावर आले. मागे खुर्ची सरकली. चष्मेवाले वाकून बघत होते. चौऱ्याऐंशी आणि सव्वीस झाले होते, सगळे बरोबर. मी फुली मारली. त्यांनी "हं" केलं, समाधानाचं. चांदणी मला दिसली होती, वहिनी. पहिल्या पत्रात मी ती अशी लिहिली की जणू नंतर कळली. नंतर पाच मिनिटांत विचारून फुली खोडता येईल असं मनात होतं, पण खोडलेली फुली त्यांना कशी दिसेल याचा विचार करत बसले आणि वेळ संपला.

अजून एक आहे, तेही लिहिते. ती फुली मारताना क्षणभर मला बरं वाटलं. जन्मभर तू माझे हात तपासलेस, नखं बघितलीस, घडी उलगडून पुन्हा घालायला लावलीस. त्या दिवशी यादी माझ्या हातात होती. क्षणभरच, पण वाटलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो असाच गुळगुळीत असणार.

माझं परीक्षकाचं प्रमाणपत्र मागच्या आठवड्यात आलं. शेरा आहे, 'निःपक्षपाती निरीक्षण.' ते मी पाकिटातून पूर्ण बाहेर काढलेलं नाही.

आता ऑफिसला सगळं लिहून कळवायचं असं ठरवते आणि थांबते. नातं लपवलं हे कळलं की मी तपासलेल्या तिन्ही परीक्षा रद्द होतील. तू पुन्हा बसशील, पण त्या दुसऱ्या दोघींची प्रमाणपत्रंही जातील. त्यांनी काहीच केलेलं नाही. एकीने तर मला फोटो पाठवलाय, प्रमाणपत्र हातात धरून उभी, शेजारी दोन मुलं. काय करू, तू सांग. आजवर तूच सांगत आलीस.

चिमटी

४ मार्च

वहिनी,

तुझं पत्र आलं. पुन्हा पुन्हा वाचल्याने आता घड्यांवर फाटायला आलंय. तू काय लिहिलंस ते तुलाच परत लिहून दाखवते, म्हणजे तुझं तुलाच कळेल.

"चिमटे, तिन्ही पत्रं पोचली. एवढं लिहायला वेळ मिळतो म्हणजे तुझ्या खोलीत काम कमी दिसतंय. स्ट्रिप मी त्या दिवशी ठेवलीच नव्हती. तू समोर उभी, मागे तो माणूस, माझे हात थरथरत होते, विसरले. तू लिहिलंस ते खरंच होतं. उगाच ऑफिसला पत्रंबित्रं पाठवू नकोस. त्या दोघींना पोरंबाळं आहेत. चादरींचं बरं चाललंय. दादाला सांगू नकोस. जेवत जा."

वहिनी, मी वाचलं आणि इतकी हलकी झाले की सांगायची लाज वाटते. दोन वेळा पोटभर जेवले. खोलीतल्या मुलींना म्हणाले, आज लवकर निघा. दिवसभर मनात एकच, मी खोटं लिहिलं नाही, मी खोटं लिहिलं नाही. तू चुकलीस याचा मला इतका आनंद झाला. एवढंच प्रेम माझं तुझ्यावर, असं दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना कळलं.

मग डोकं चालायला लागलं. तुझे हात थरथरत होते? मी तुला पाहिलंय, बाबांना अग्नी दिल्यावर परत येऊन तू दुपारच्या पाळीत बावीस ट्रे बांधलेस, एकही गाठ वाकडी नाही. आणि समजा, खरंच विसरलीस. मग तो ट्रे त्याच दिवशी ऑपरेशनला वर गेला असणार. स्ट्रिप नसलेला ट्रे वरच्या सिस्टर तसाच परत पाठवतात आणि आरडाओरड होते. ते आपल्याइतकं कोणाला ठाऊक? तसा ट्रे परत आल्याचं कोणीच बोललं नाही. निघालेली प्रत्येक स्ट्रिप वर वहीत चिकटवतात, ट्रेच्या नंबरापुढे.

तुझं पत्र मी खरं मानावं अशी तुझी इच्छा आहे हे कळलं. उद्याची रजा टाकली आहे. 

चिमटी

१७ मार्च

वहिनी,

पाच तारखेला मी तुमच्या हॉस्पिटलात आले होते. वरच्या सिस्टरांना म्हणाले, परीक्षेचे पुरावे तपासायचे आहेत, जानेवारीची वही दाखवा. त्यांनी हातातलं न सोडताच कोपराने कपाट दाखवलं. एकवीस जानेवारी, दुपारचा दुसरा ट्रे, बांधणारीच्या जागी तुझी आद्याक्षरं. पुढे स्ट्रिप चिकटवलेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काळी.

मी तिथे स्टुलावर बसले. सिस्टरांनी विचारलं, "काही चूक आहे का?" मी म्हणाले, "हो, पण तुमची नाही."

उतरताना चादरींच्या खोलीवरून गेले. दार अर्धं उघडं होतं. तू पाठमोरी होतीस. एकेक चादर उजेडाकडे धरून बघत होतीस, भोकं असलेली बाजूला, चांगलीची घडी, कोपऱ्याला कोपरा. कोणी तसं करायला सांगितलेलं नसणार, ढीग केवढा होता. शेजारची बाई गप्पा मारत चौघींच्या वाटणीच्या घड्या घालून मोकळी होत होती आणि तू अजून दुसऱ्या गठ्ठ्यावर. तुला हाक मारावी असं वाटलं. आत आले असते तर तू म्हणाली असतीस, "चिमटे, किती वाळलीस," आणि मी पुन्हा सगळं तुझ्यावर सोडून घरी गेले असते. म्हणून आले नाही.

त्याच संध्याकाळी ऑफिसला पत्र टाकलं. नातं, फुली, चष्मेवाल्यांचं चहाच्या वेळचं बोलणं आणि त्याचा दोष त्यांना कसा देता येत नाही ते, सगळं. वहीच्या पानाची प्रत जोडली. तू मला जे कळवलंस तेही लिहिलं आणि ते खोटं आहे हेही. तुला राग येईल. ये म्हणावं. तुझा राग मी कधी बघितलेलाच नाही, तो माझ्या वाट्याला यायलाच हवा.

उत्तर काल आलं. माझं परीक्षकपद गेलं, आणि इथलं मुख्यपण राहील की नाही त्याची चौकशी आहे. तिन्ही परीक्षा रद्द. त्या दोघींना मी स्वतः जाऊन सांगितलं. एक रडली. फोटोवाली रडली नाही, म्हणाली, "तुमच्या घरच्या भानगडीत आम्ही कशाला हो?" त्या दोघी पुन्हा पास होतील, काम चोख आहे त्यांचं. पण दुसऱ्यांदा पास होताना आधीसारखा फोटो कोणी काढत नाही, हेही मला कळतं.

दादालाही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ती कडक बाई तू होतीस होय?" आणि फोन ठेवला. त्याच्याशी आता तू माझ्या बाजूने बोलू नकोस. हात जोडून सांगते, एकदा तरी बोलू नकोस.

पुढच्या मंगळवारी सकाळी दहाला तुझी परीक्षा आहे, तुझ्या जुन्या टेबलावर. परीक्षक परगावचे आहेत, मी त्यांना ओळखत नाही, त्या दिवशी मी तुमच्या गावातही नसेन. कोणी काहीही म्हणो, स्ट्रिप तुझ्या पद्धतीनेच आधी ठेव. यादीत ती शेवटी आहे, तेव्हा त्यांनाही कदाचित दिसणार नाही, पण ते विचारतील. तू टेप काढून दाखव. मग ते म्हणतील, सगळ्यात आधी का ठेवता?

तेव्हा 'सवय' म्हणू नकोस, वहिनी. सोळा वर्षांपूर्वी स्ट्रिप कोण विसरलं होतं ते सांग. माझं नाव सांग.

चिमटी